दुसऱ्या वाचनाला टिकलेली पुस्तके

व्यवसाय, मानसशास्त्र आणि आत्मविकास या विषयांवरची पुस्तके पहिल्या वाचनात जवळजवळ सगळीच आवडतात. भाषा सोपी असते, प्रत्येक प्रकरणात मनात राहणारी एखादी हकीकत असते आणि पुस्तक मिटताना आपण उद्यापासून वेगळे वागणार, अशी खात्री वाटत असते. गेले वर्षभर मी या प्रकारातली, नेहमी सुचवली जाणारी काही पुस्तके पुन्हा वाचून काढली. पहिल्या वाचनात पेन्सिलीने केलेल्या खुणा त्यांत तशाच होत्या. त्यांतल्या कित्येक ओळी आज मला पटत नाहीत आणि तेव्हा ज्या परिच्छेदांवरून नजर नुसती पुढे सरकली होती, तेच या वेळी मोलाचे वाटले.

या फेरवाचनात मी प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारत होते: लेखकाने कोणाला मोजले आणि कोण मोजणीबाहेर राहिले? यशस्वी माणसे आणि कंपन्या डोळ्यांसमोर असतात; त्याच वाटेने जाऊन मागे पडलेल्यांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. जे पुस्तक या दुसऱ्या गटाची दखल घेते त्याच्या सल्ल्याला वजन येते, आणि जे घेत नाही ते कितीही उत्साहवर्धक असले तरी जपून वाचावे लागते.

व्यवसायावरच्या पुस्तकांत जिम कॉलिन्स यांचे २००१ साली आलेले ‘गुड टू ग्रेट’ हे बहुतेक प्रत्येक यादीत असते. १,४३५ कंपन्यांच्या कामगिरीतून चाळून काढलेल्या ११ कंपन्या, ज्या साधारण पातळीवरून उठून दीर्घकाळ शेअर बाजाराच्या सरासरीच्या कितीतरी पुढे राहिल्या, हा त्याचा पाया आहे. लेखकाने या कंपन्यांच्या जोडीला तुलनेसाठी दुसऱ्या कंपन्याही घेतल्या, त्यामुळे ‘केवळ विजेत्यांकडे पाहिले’ हा आरोप त्याच्यावर सरसकट करता येत नाही. नम्र पण निग्रही नेतृत्व, आधी योग्य माणसे आणि मग दिशा, कटू वस्तुस्थितीला सामोरे जाण्याची तयारी, ही सूत्रे वाचताना पटतात. मात्र त्या ११ कंपन्यांपैकी इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणाऱ्या सर्किट सिटीने २००८ साली दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षी घरकर्जांना पाठबळ देणारी फॅनी मे ही संस्था अमेरिकी सरकारला आपल्या ताब्यात घ्यावी लागली. एवढ्यावरून पुस्तक खोटे ठरत नाही, कारण कोणतीही कंपनी पुढे चुकीचे निर्णय घेऊ शकते. पण सूत्रे पाळली म्हणून यश मिळाले, की यश मिळाले म्हणून मागे वळून पाहताना तिथे सूत्रे दिसली, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधणारे फिल रोझेनझ्वाइग यांचे ‘द हेलो इफेक्ट’ हे २००७ सालचे पुस्तक त्या मानाने कमी लोकांनी वाचलेले आहे, आणि माझ्या मते ते ‘गुड टू ग्रेट’च्या आधी वाचायला हवे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवले होते की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांचे मूल्यमापन करताना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व आणि चारित्र्य यांना वेगवेगळे गुण देत नाहीत. एका बाबतीत चांगला वाटलेला माणूस त्यांना सगळ्याच बाबतीत चांगला वाटतो. यालाच ‘हेलो इफेक्ट’ म्हणतात, आणि रोझेनझ्वाइग हेच तत्त्व कंपन्यांना लावून दाखवतात. संगणक-जाळ्यांची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को या कंपनीचा शेअर वर चढत होता तेव्हा तिची ग्राहकनिष्ठा, तिची कार्यसंस्कृती आणि तिचे प्रमुख यांची वृत्तपत्रांनी तोंड भरून स्तुती केली. शेअर कोसळल्यावर त्याच कंपनीत, त्याच माणसांत दोष दिसू लागले. संशोधक जेव्हा जुनी कात्रणे आणि मुलाखती गोळा करून ‘यशाची कारणे’ शोधतो, तेव्हा त्याच्या हाती येणारी सामग्री आधीच यशाच्या रंगात बुडालेली असते. त्यामुळे तुलनेसाठी कितीही कंपन्या घेतल्या तरी हा दोष जात नाही. पुस्तकाची शैली थोडी कोरडी आहे आणि शेवटची प्रकरणे रेंगाळतात, परंतु व्यवसायविषयक लेखन कसे वाचावे हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

मानसशास्त्रात डॅनियल कानमन यांच्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ला पर्याय नाही, असे मी आजही म्हणेन; फक्त ते सबंध एका श्रद्धेने वाचू नये. कानमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ज्यांच्यासह हे काम झाले ते एमॉस ट्वर्स्की त्याआधी १९९६ साली वारले, आणि २०११ साली आलेले हे पुस्तक त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलेले आहे. झटपट, आपोआप चालणारा विचार आणि सावकाश, कष्टाने करावा लागणारा विचार अशी त्याची मांडणी आता सर्वपरिचित झाली आहे. पुस्तकाचे खरे बळ मात्र एका लहानशा आठवणीत आहे.

कानमन इस्रायलमध्ये असताना निर्णयप्रक्रिया या विषयाचे शालेय पाठ्यपुस्तक लिहिण्यासाठी एक गट जमला होता. वर्षभर काम चांगले चालल्यावर त्यांनी प्रत्येकाला, एकमेकांशी न बोलता, काम पुरे व्हायला किती काळ लागेल हे कागदावर लिहायला सांगितले. सगळ्यांची उत्तरे दोन वर्षांच्या आसपास होती. मग त्यांनी गटातल्या अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारले, की अशी कामे हाती घेतलेले दुसरे गट या टप्प्यापासून पुढे किती काळात पोहोचले? तज्ज्ञ काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, की सुमारे ४० टक्के गटांनी काम कधी पुरेच केले नाही आणि ज्यांनी केले त्यांपैकी कोणालाही सात वर्षांपेक्षा कमी लागली नाहीत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की याच तज्ज्ञाने काही मिनिटांपूर्वी स्वतःच्या कागदावर इतरांसारखाच आकडा लिहिला होता. माहिती त्याच्याजवळ होती, पण स्वतःच्या कामाचा अंदाज करताना ती वापरावी असे त्याला सुचले नाही. गटाने हे ऐकले आणि काम तसेच पुढे चालू ठेवले. पुस्तक पुरे व्हायला आणखी आठ वर्षे लागली आणि ते कधी वापरलेच गेले नाही.

मी स्वतः एका संपादनाच्या कामाला सहा महिने धरले होते आणि ते पुरे व्हायला सतरा लागले. हा प्रसंग मी त्याआधी वाचलेला होता. समासात खूणही केलेली होती. तरीही आधीची तशीच तीन कामे किती चालली होती हे पाहण्यासाठी जुनी वही उघडावी असे मला वाटले नाही. दुसऱ्या वाचनात त्या खुणेपाशी मी बराच वेळ थांबले. आता कोणतेही काम स्वीकारण्याआधी मी ती वही उघडते, आणि त्यात अर्धवट सोडलेली कामेही मोजते.

याच पुस्तकातले, नकळत मिळणाऱ्या सूचनांचा वागणुकीवर होणारा परिणाम सांगणारे प्रकरण मात्र आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. वार्धक्याशी संबंधित शब्द वाचलेले तरुण सावकाश चालू लागतात, यासारखे त्यातले प्रयोग पुढे इतरांनी पुन्हा केले तेव्हा तेच निष्कर्ष मिळाले नाहीत. कानमन यांनी २०१२ साली या क्षेत्रातल्या संशोधकांना पत्र लिहून पडताळणीचा आग्रह धरला आणि २०१७ साली, आपण लहान नमुन्यांवरच्या, म्हणजे थोड्याच माणसांवर केलेल्या, प्रयोगांवर वाजवीपेक्षा जास्त विश्वास ठेवला, हे जाहीरपणे मान्य केले. इच्छाशक्ती वापरून संपते या कल्पनेचेही तसेच झाले: २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत तिचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. ज्या लेखकाने आयुष्यभर लहान नमुन्यांपासून सावध राहायला सांगितले तोच त्यांच्या आहारी गेला, आणि ते कळल्यावर त्याने लपवले नाही. या कबुलीमुळे माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर वाढला. पुस्तक घेणाऱ्याने ते प्रकरण वगळून, पूर्वग्रह, नियोजनातली चूक आणि सरासरीकडे परत जाण्याची प्रवृत्ती यांवरची प्रकरणे सावकाश वाचावीत.

कौशल्य आणि सराव या विषयावर माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ने, कौशल्यात पारंगत व्हायला दहा हजार तासांचा सराव लागतो, हा आकडा सर्वतोमुखी केला. तो ज्या अभ्यासातून आला त्याचे मुख्य लेखक अँडर्स एरिक्सन यांनी २०१६ साली रॉबर्ट पूल यांच्यासह लिहिलेल्या ‘पीक’मध्ये त्याची नीट दुरुस्ती केली आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या सर्वोत्तम व्हायोलिनवादकांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या एकट्याने केलेल्या सरावाची ती सरासरी होती. त्या उत्तम वादकांपैकी निम्म्यांनी तो आकडा गाठलेलाही नव्हता. शिवाय नुसते तास भरण्याला अर्थ नाही, तर नेमका दोष हेरून, जाणकाराच्या देखरेखीखाली, आपल्या आवाक्याच्या किंचित पलीकडचे काम पुन्हा पुन्हा करणे म्हणजे सराव, हा ‘पीक’चा गाभा आहे. शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा. माझी तक्रार एवढीच, की जन्मजात फरकाचा मुद्दा लेखक फार घाईने निकालात काढतात. अकादमीच्या दारापर्यंत पोहोचलेल्यांचा अभ्यास झाला. तेवढाच सराव करून बाहेर राहिलेल्यांचा झाला नाही.

सवयींवरच्या पुस्तकांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांत वाचण्यापेक्षा करण्याजोगे जास्त आहे. जेम्स क्लिअर यांचे २०१८ सालचे ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ व्यवहारात उपयोगी आहे, विशेषतः परिसर बदलला की वागणे बदलते हा भाग. रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षाअखेरीस ३७ पट प्रगती होते, हे गणित मात्र उदाहरण म्हणून घ्यावे, पुरावा म्हणून नव्हे. माणसाची प्रगती चक्रवाढ व्याजासारखी चालत नाही. आणि सवय २१ दिवसांत लागते असे सांगणारे पुस्तक हाती आले, तर लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला अभ्यास आठवावा. त्यात नवी सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही असेही त्यात दिसले, आणि ज्याची चिकाटी पहिल्या खाड्याला खचते त्याला हे वाक्य सबंध पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

पीटर ड्रकर यांचे साठच्या दशकातले ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ या सगळ्यांत जुन्या वळणाचे आहे. उदाहरणे त्या काळातली आहेत आणि वरिष्ठ पदावरची व्यक्ती पुरुषच असणार हे त्यात गृहीत धरलेले आहे. हा दोष आज खटकतोच. असे असूनही ते मी सर्वात आधी सुचवेन, कारण त्यातला सल्ला वाचकाला दुसऱ्या दिवशी स्वतःवर तपासून पाहता येतो. वेळेची आखणी करण्याआधी वेळ जातो कुठे हे नोंदवा, असे ड्रकर सांगतात. एका कंपनीच्या अध्यक्षाला खात्री होती की आपला वेळ वरिष्ठ सहकारी, महत्त्वाचे ग्राहक आणि सामाजिक कामे यांत सारखा वाटला जातो. सहा आठवडे नोंद ठेवल्यावर दिसले, की या तिन्हींना तो जवळजवळ वेळच देत नव्हता. बहुतेक वेळ ओळखीच्या ग्राहकांच्या मागण्या कुठवर आल्या याचा पाठपुरावा करण्यात आणि त्यासाठी कारखान्याला फोन करण्यात जात होता. ती नोंद त्याला आधी खरी वाटेना.

मी तीन आठवडे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखून अशी नोंद ठेवली. रोज चार तास लेखन होते अशी माझी समजूत होती. वहीत सरासरी दीड तास निघाला. आठवणीत फक्त चांगले दिवस मोजले जातात, हे त्या रकान्यांमुळे मला कळले.

आत्मविकासाच्या शीर्षकाखाली व्हिक्टर फ्रांकल यांचे ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ ठेवणे मला नेहमीच अवघड जाते, तरी ते वगळणे त्याहून अवघड आहे. व्हिएन्नाचे हे मनोविकारतज्ज्ञ नाझी छळछावण्यांतून वाचले आणि १९४५ साली नऊ दिवसांत त्यांनी हे लेखन केले. ते १९४६ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. आपले नाव न देता ते छापावे असा त्यांचा मूळ विचार होता. ऑशविट्झमध्ये त्यांचे पहिल्या पुस्तकाचे हस्तलिखित हिरावले गेले होते, आणि पुढे दुसऱ्या छावणीत टायफसच्या तापात असताना ते मिळतील त्या चिठोऱ्यांवर त्याचे मुद्दे पुन्हा टिपत राहिले. परिस्थितीकडे कसे पाहायचे एवढे स्वातंत्र्य माणसाकडे अखेरपर्यंत उरते, हा त्यांचा विचार आता अनेक प्रेरणादायी भाषणांत सुटा उचलला जातो. त्यामुळे असा समज होतो की मनाने खंबीर होते ते वाचले. फ्रांकल असे म्हणत नाहीत. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीच्या भागात ते सांगतात, की जे परतले ते कितीतरी योगायोगांमुळे परतले, आणि आमच्यातले सर्वोत्तम लोक परतले नाहीत. पहिल्या वाचनात मी या ओळीखाली रेघ ओढली नव्हती.