वाचकाच्या वतीनं मागणी नोंदवताना: सामायिक खातं की वाचकाचं खातं?

आंतरग्रंथालयीन देवघेवीचा, म्हणजे आपल्याकडे नसलेलं पुस्तक किंवा लेखाची प्रत दुसऱ्या ग्रंथालयातून मागवण्याचा, अर्ज वाचकानं स्वतः भरावा, असं प्रत्येक ग्रंथालयाला वाटतं. प्रत्यक्षात कोणी फोन करतं, कोणी काउंटरवर चिठ्ठी सरकवतं, कोणी शोधनिबंधाच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवून 'यातला चौदावा संदर्भ हवाय' एवढंच लिहितं. मग अर्ज आपणच भरतो आणि पहिल्याच रकान्यात प्रश्न पडतो, ही मागणी टाकायची कोणाच्या नावावर?

मार्ग तीन आहेत. ग्रंथालयाचं एक सामायिक खातं ठेवायचं, सगळ्या मागण्या त्यातून टाकायच्या आणि खरा वाचक कोण ते शेऱ्यात लिहायचं. किंवा कर्मचारी म्हणून लॉगिन करून वाचकाची सभासद नोंद शोधायची आणि मागणी थेट त्याच्या खात्यावर नोंदवायची. तिसरा मार्ग म्हणजे वाचकाच्या वेबपानात शिरून, जणू तोच भरतोय असा अर्ज भरायचा. पहिल्या दोन्ही पद्धतींनी मी बराच काळ काम केलंय, तिसरी गरजेपुरती वापरलीय.

तिसरीचं आधी उरकतो. इलियड (ILLiad) या देवघेवीच्या सॉफ्टवेअरसारख्या प्रणालीत कर्मचाऱ्याला वाचकाच्या नोंदीवरून त्याच्या वेबपानात जाता येतं, पासवर्ड मागावा लागत नाही. ही सोय नसते तिथे वाचकाकडून पासवर्ड विचारून घ्यायची सवय लागते. ती मोडलेलीच बरी. 'मला अर्जात तो रकाना दिसतच नाही' अशी तक्रार आली की वाचकाला नेमकं काय दिसतंय हे पाहायला हा मार्ग उत्तम. पण घाईच्या वेळी खिडकी उघडी राहते, समोर दुसरा वाचक येतो आणि पडद्यावर अजून पहिल्याचंच खातं असतं. शिवाय अर्जाच्या तळाशी प्रताधिकाराचं घोषणापत्र असतं. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्यानुसार ग्रंथालयाकडून लेखाची प्रत घेताना, ती खासगी अभ्यासासाठी किंवा बिगरव्यापारी संशोधनासाठी हवी आहे हे वाचकानं लेखी सांगावं लागतं. २०१४च्या बदलांनंतर हे इलेक्ट्रॉनिक अर्जातूनही चालतं, पण सांगायचं वाचकानंच. त्याच्या वेबपानात शिरून ती खूण आपण करणं मला पटत नाही. वाचक शेजारी बसला असेल तर गोष्ट वेगळी.

राहिले दोन मार्ग, आणि खरी निवड तिथेच आहे.

सामायिक खात्याच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. काम झटपट होतं. वाचकाची नोंद शोधा, त्याची मुदत संपली आहे का बघा, पत्ता जुना आहे का बघा, यातलं काही करावं लागत नाही. सगळ्या मागण्या एकाच यादीत दिसतात, त्यामुळे सहकारी रजेवर असला तरी त्याचं काम दुसऱ्याला पुढे नेता येतं. पाहुणा अभ्यासक आला, त्याचं खातंच नाही, तरी अडत नाही. रोजच्या मागण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, तर ही पद्धत वर्षानुवर्षं सुरळीत चालू शकते. चालवणाऱ्याच्या डोक्यात सगळं असतं, आणि ते डोकं निवृत्त होईपर्यंत कोणालाच काही जाणवत नाही.

मला ही पद्धत नकोशी झाली ती लेखांच्या प्रतींमुळे. पुस्तक येतं तेव्हा निदान हातात वस्तू असते. तिला चिठ्ठी लावता येते, कपाटात ठेवता येते. लेखाची प्रत हल्ली दुव्याच्या रूपात येते. मागणी सामायिक खात्यावर असली की दुव्याचा ईमेल ग्रंथालयाच्या सामायिक पेटीत पडतो. त्यात मागणी क्रमांक असतो, कधी लेखाचं शीर्षक असतं, वाचकाचं नाव मात्र नसतं, कारण ते आपण शेऱ्यात लिहिलेलं आणि शेरा ईमेलमध्ये उतरत नाही. म्हणजे आता प्रणाली उघडा, क्रमांक शोधा, शेरा वाचा, वाचकाचा पत्ता काढा आणि दुवा पुढे पाठवा. एवढं सगळं करायचा कंटाळा येतो म्हणून कोणीतरी दुवाच उघडून बघतं, हा कुठला लेख, कोणी मागितला असेल बरं. आणि खरा त्रास इथून सुरू होतो. असे दुवे बहुधा ठरावीक वेळाच उघडतात, आणि ठरावीक दिवस उलटले की बंदही पडतात. सकाळच्या पाळीतल्यानं उघडून पाहिलं, दुपारच्यानं उघडून पाहिलं, कोणी नीट उतरली का म्हणून पुन्हा पाहिलं. दुवा शेवटी वाचकाकडे जातो तेव्हा त्यात फारसं काही उरलेलं नसतं. वाचक लिहितो, 'फाइल उघडत नाही.' मग दुसऱ्या ग्रंथालयाला पुन्हा विनंती, पुन्हा माफी, आणि ज्यांनी एकदा प्रत काढून पाठवली त्यांना तीच पुन्हा पाठवायला सांगणं.

यावर नियम केले, ईमेलपेटीत रंगीत खुणा लावल्या, 'दुवा उघडू नये' अशी पाटीही लावून झाली. थोडा फरक पडला, हे मान्य. पण नियम पाळणारं माणूस सुट्टीवर गेलं की गाडी पुन्हा पूर्वपदावर. माझ्याकडे मोजमाप नाही, इतर ठिकाणी हे असंच होतं असाही दावा नाही. इतकंच सांगतो, मागण्या वाचकांच्या स्वतःच्या खात्यांवर जाऊ लागल्या आणि 'फाइल उघडत नाही' असे ईमेल जवळपास थांबले, कारण दुवा थेट वाचकाकडे जातो आणि मधे कोणी डोकावत नाही.

पुस्तकांच्या बाबतीत तोच दोष जरा सौम्य रूपात दिसतो. पुस्तकाला गुंडाळायची पट्टी छापली की त्यावर खात्याचं नाव येतं, म्हणजे आपल्याच ग्रंथालयाचं. कपाटात अशी पाच पुस्तकं एकाच नावाची उभी असली की वाचक समोर थांबलेला असतो आणि आपण एकेक नोंद उघडून शेरे वाचत बसतो. हा निव्वळ गैरसोयीचा मामला नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटनेनं १९१९ साली स्वीकारलेली देवघेवीची संहिता आजही सुधारित रूपात वापरात आहे. तिच्यानुसार पुस्तक देणाऱ्या ग्रंथालयाच्या दारातून बाहेर पडल्यापासून परत पोचेपर्यंत सगळी जबाबदारी मागवणाऱ्या ग्रंथालयाची असते. पुस्तक नेमकं कोणाकडे आहे हे एका मोकळ्या शेऱ्यावर सोडणं मला तरी जोखमीचं वाटतं.

गोपनीयतेचा मुद्दा सामायिक खात्याच्या बाजूनं मांडला जातो: वाचकाच्या खात्यात त्यानं काय मागवलं याचा माग राहत नाही. ऐकायला बरोबर वाटतं. पण व्यवहार संपल्यावर वाचक आणि मागणी यांच्यातला संबंध पुसणाऱ्या प्रणाली नोंदीतला संबंध पुसतात. शेऱ्यात हातानं टंकलेलं नाव तसंच राहतं. वाचकाच्या खात्यावरची मागणी या बाबतीत उलट स्वच्छ सुटते.

वाचकाच्या खात्यावर नोंदवण्याचेही तोटे आहेत, ते झाकत नाही. वेळ जास्त लागतो. सभासदत्वाची मुदत संपलेली असते, दंड थकलेला असतो, ईमेल कधीकाळचा असतो, आणि प्रणाली अडून बसते. पहिल्या काही दिवसांत हे फार खटकतं. नंतर लक्षात येतं की ही अडवणूक योग्य वेळी होते. नाहीतर तोच जुना ईमेल पुस्तक आल्यावर आडवा आला असता. एका वेळी किती मागण्या करता येतील याची मर्यादाही वाचकाला लागते. कोणासाठी ती शिथिल करायची असेल तर सरळ त्याच्या सभासद प्रकारात बदल करावा, सामायिक खात्याच्या आडोशानं पळवाट काढू नये. मोठा फायदा असा की 'माझं पुस्तक आलं का?' हे फोन कमी होतात. कोहा या ग्रंथालयाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये देवघेवीचा विभाग १७.११ आवृत्तीपासून आहे. तिथे कर्मचारी वाचकाचा सभासद क्रमांक टाकून मागणी नोंदवतो आणि ती वाचकाला ऑनलाइन तालिकेतल्या त्याच्या खात्यात दिसते. बाकीच्या रुळलेल्या प्रणालींतही साधारण असंच आहे.

एका गोष्टीत मात्र दोन्ही पद्धती सारख्याच, आणि नेमका तिच्यावरच वाद फार होतो. अमेरिकेत १९७८पासून चालत आलेली पाचांची मर्यादा, म्हणजे एका नियतकालिकाच्या गेल्या पाच वर्षांतल्या अंकांमधून एका कॅलेंडर वर्षात पाचच प्रती मागवाव्यात, ही ग्रंथालयागणिक मोजतात. मागणी कोणाच्या नावावर टाकली यानं त्या हिशोबात काही बदलत नाही.

आणि कुठलाही मार्ग घ्या, वाचकाला तीन गोष्टी आधी विचारायला हव्यात: हीच आवृत्ती हवी की दुसरीही चालेल, कुठल्या तारखेनंतर उपयोग नाही, आणि शुल्क पडलं तर कितीपर्यंत. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय सहकारी संस्थेच्या जाळ्यात एका मागणीला पंधरापर्यंत ग्रंथालयं जोडता येतात आणि एकानं नकार दिला की मागणी आपोआप पुढच्याकडे सरकते. आवृत्ती चुकलेली असली तर ती चूक रांगेतल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन येते.

माझा कल एव्हाना कळला असेलच. मागण्या थोड्या आहेत, काउंटरवर एकच माणूस आहे आणि लेखांपेक्षा पुस्तकंच जास्त मागवली जातात, अशा ठिकाणी सामायिक खातं मोडायची घाई करायला मी सांगणार नाही. लेखांच्या मागण्या वाढत असतील तर मात्र वाचकाच्या खात्याकडे वळलेलं बरं. वळल्यावरही सामायिक खातं पूर्ण बंद करू नका. आपल्याच प्रतीतली फाटलेली पानं दुसरीकडून मागवायची असतात, खातं नसलेला पाहुणा अभ्यासक येतो, त्यासाठी ते लागतं. फक्त त्याच्या ईमेलपेटीची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. चालू असलेल्या जुन्या मागण्या नव्या खात्यांवर हलवत बसू नका. मधेच वाचक बदलला की काही प्रणालींत आधी गेलेल्या सूचना आणि नूतनीकरणं जुन्याच नावाला चिकटून राहतात. त्या संपू द्या, आणि एक तारीख ठरवून नवीन मागण्या तेवढ्या नव्या पद्धतीनं घ्या.