आंबा घाटात गाडी ओढेना म्हणून २८ हजारांचा इंटरकूलर बसवला

एप्रिलात आंब्याच्या पेट्या घेऊन रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो. साखरप्यापर्यंत गाडी ठीक होती, आंबा घाट लागला आणि तिचं बळच गेलं. रेस दिली की मागून काळा धूर, बॉनेटखाली ‘सुस्स’ आवाज. परत आल्यावर एका गॅरेजात दाखवली.

मिस्त्रीने टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि तेलाने माखलेलं बोट माझ्यासमोर धरलं. “इंटरकूलर गेला. तसाही कंपनीचा बारकाच असतो. मोठा टाका, इंजिनात एसीसारखी गार हवा जाईल.”

मी इथेच उठायला हवं होतं. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते, कधी १०० अंशांच्याही वर जाते. इंटरकूलर ती बाहेरच्या वाऱ्यावर निववतो, म्हणून तेवढ्याच जागेत ऑक्सिजन जास्त मावतो. पण बाहेरच ३४ अंश असतील तर आतली हवा त्याखाली जाणार कशी? आणि पाइपात तेलाचा पातळ थर बऱ्याच टर्बो गाड्यांत असतोच, तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून येतो. हे सगळं शहाणपण मला नंतर सुचलं, पैसे दिल्यावर.

कंपनीचा इंटरकूलर बंपरच्या आत एका कोपऱ्यात होता. नवा, ‘इम्पोर्टेड’ म्हणे, थेट रेडिएटरसमोर ठोकला. बिल मागितलं तर “बिल घेतलंत तर महाग पडेल”. आणि मी गप्प बसलो!

पुढच्या खेपेला गाडी आणखी मंद. पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होईना, कारण एवढं मोठं पोट आणि लांबलेले पाइप टर्बोला आधी भरावे लागत. घाटात वेग जेमतेम २५, समोरून वारा नाही, त्यात रेडिएटर या धुडाआड झाकलेला. तापमानाचा काटा वर चढला, एसी गार होईना. वळणावर गाडी थांबवून पेट्यांना वारा घालत बसलो होतो.

कोल्हापुरात एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं. “पावणं, ह्ये कुणी लावलं?” त्याने पाइपांची तोंडं बंद करून कॉम्प्रेसरची हवा भरली आणि साबणाचं पाणी शिंपडलं. टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या अंगाला बुडबुडे आले. बोटभर चीर. माझा मूळ आजार एवढाच होता. नवा पाइप आणि क्लॅम्प मिळून २,२०० रुपये. ‘इम्पोर्टेड’वरचा काळा रंग त्याने नखाने खरवडला, तर खाली खाऱ्या हवेने खाल्लेल्या, पांढरी भुकटी धरलेल्या जाळ्या. कुठल्यातरी जुन्या गाडीचा माल.

रत्नागिरीच्या गॅरेजात जाऊन माझा कंपनीचा इंटरकूलर परत मागितला. मिस्त्रीने मान वर न करता सांगितलं, “तो भंगारवाल्याने नेला.” तिथल्याच फळीवर धुऊन पुसून ठेवलेले तीन इंटरकूलर होते. त्यातला एक ओळखीचा वाटला, पण बिलच नव्हतं, बोलणार काय?