व्हिम की नीओव्हिम: ‘नाही’ ऐकायचं की ‘बदललंय’ ऐकायचं

व्हिमवर (कोड लिहायचा जुना एडिटर) हात बसलाय, आता त्यातूनच निघालेल्या नीओव्हिमवर जावं का, असं ऑफिसातली नवी मुलं अधूनमधून विचारतात. मी दोन्हींवर रोजचं काम केलंय, नीओव्हिमवर साधारण तीन वर्षं. वेग, रंग, प्लगइनांच्या (एडिटरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांच्या) याद्या यांत शिरत नाही, ते तुम्ही पाहिलेलं असणार. माझ्या मते निवड दुसऱ्याच गोष्टीवर व्हावी. वापरणारे आणि बनवणारे यांच्यात खटका उडाला की पुढे काय होतं?

नीओव्हिमचा जन्मच अशा खटक्यातून झाला. १९९१ पासून व्हिम ब्राम मोलेनार यांच्या हातात होता. पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) कुणीही पाठवावा, घ्यायचा की नाही ते मात्र तेच ठरवणार. थियागो डी आरुडा यांनी मल्टिथ्रेडिंगचा (एका वेळी अनेक कामं चालवण्याचा) पॅच पाठवला, तो ब्राम यांनी घेतला नाही. मग २०१४ मध्ये थियागो यांनी कोड घेऊन वेगळी चूल मांडली, लोकवर्गणी जमली आणि नीओव्हिम उभा राहिला. मूळ मागणी रास्तच होती. एखादं प्लगइन मागे काम करत असताना एडिटर गोठून का बसावा? २०१६ च्या व्हिम ८ मध्ये जॉब आणि चॅनेल (मागे कामं चालू ठेवायच्या सोयी) आले तेव्हा ते व्हिमनेही एका परीने मान्य केलं. नीओव्हिम नसता तर हे इतक्या लवकर झालं असतं का, याची मला शंका आहे.

तेव्हा नीओव्हिमचं पारडं हलकं समजू नका. तिथे सूत्रं अनेकांच्या हातात आहेत, चर्चा उघड्यावर चालते, लुआ या भाषेत कॉन्फिग (एडिटरची सेटिंग) लिहिणं सुखाचं आहे. २०२१ च्या ०.५ मध्ये एलएसपी (ऑटोकम्प्लीटसारखी भाषेची मदत एडिटरला पुरवणारी सोय) आतच आलं, तेव्हा मी हरखून गेलो होतो.

मग एक सोमवार उजाडला. दहा वाजता क्लायंटसमोर डेमो, आणि शनिवारी रात्री मी सहज प्लगइन अपडेट केलेले. फाइल उघडली तर खाली लाल ओळींचा ढीग, एंटर दाबावं तर पुढची लाल ओळ. ऑटोकम्प्लीट बंद, फंक्शनच्या डेफिनिशनवर नेणारी की बंद. दोष एका प्लगइनचा, नाव घेत नाही. त्याच्या मेंटेनरने (ते सांभाळणाऱ्याने) सेटिंग लिहायची पद्धतच बदलली होती, आणि तसं रीडमीमध्ये (प्लगइनच्या माहितीच्या फाइलमध्ये) तीन आठवडे आधी लिहूनही ठेवलं होतं. इश्यू (तक्रारींचं पान) उघडला तर माझ्यासारखे बरेच जण आधीच जमलेले. एकाने तर आमच्या नुकसानीचं काय, असं विचारलं होतं. मेंटेनरचं उत्तर दोन ओळींचं: नोकरी सांभाळून रात्री हे करतो, जुनी पद्धत चालू ठेवणं मला जमणार नाही. त्याखाली चर्चेला कुलूप.

मीही चार ओळी लिहिल्या होत्या, त्या पाठवायच्या राहिल्या. बरंच झालं. त्या माणसाला आम्ही कुणी छदामही दिला नव्हता. त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण माझा सोमवार गेला तो गेलाच, आणि त्या वर्षातला तो पहिला नव्हता.

मला नडलं ते हेच. नीओव्हिमवर माझं रोजचं काम पंधराएक प्लगइनांवर उभं होतं, आणि बहुतेकांमागे एकेकटा माणूस. म्हणजे भांडण एका ब्रामशी नाही, पंधरा जणांशी, आणि कुणाशी कधी होईल ते सांगता येत नाही. खुद्द नीओव्हिमही अजून १.० झालेला नाही. काय मोडलं, काय हटवलं, ते दर मोठ्या आवृत्तीच्या ‘न्यूज’ पानावर प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. पण ते वाचायची जबाबदारी आपली.

व्हिममध्ये ‘नाही’ ऐकावं लागायचं, पण जे मिळालं ते टिकायचं. व्हिमची स्वतःची भाषा असलेल्या जुन्या व्हिमस्क्रिप्टमधल्या खोडी दुरुस्त करायच्या म्हणून ब्राम यांनी लोकांच्या स्क्रिप्ट मोडल्या नाहीत. २०२२ च्या व्हिम ९ मध्ये नवी भाषा आणली, ती जुनीच्या शेजारी बसवली. त्यांनी पैसे मागितले ते युगांडातल्या मुलांसाठी. स्पॉन्सर झालात तर कोणतं फीचर हवं यावर मत देता यायचं, पण मतच, हुकूम नाही. हे नातं मला साफ वाटतं.

या हट्टाची किंमतही होती. ती नवी भाषा नीओव्हिममध्ये चालत नाही, त्यामुळे प्लगइन लिहिणाऱ्यांना बाजू निवडावी लागते. आणि सगळं एकाच माणसावर असण्यातला धोका ३ ऑगस्ट २०२३ ला समोर आला. ब्राम गेले. त्या आठवड्यात मला खरंच धास्ती वाटली होती. ख्रिश्चन ब्राबांट आणि इतर जुन्या सहकाऱ्यांनी काम उचललं, जानेवारी २०२४ मध्ये ९.१ ही आवृत्ती काढून ती ब्राम यांना अर्पण केली. माझी जुनी व्हिमआरसी (व्हिमच्या सेटिंगची फाइल) तिच्यावर एकही तक्रार न करता उघडली.

तुम्ही दिवसभर टाइपस्क्रिप्ट किंवा रस्टच्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये असाल आणि अधूनमधून एखादा रविवार कॉन्फिगला द्यायची तयारी असेल, तर नीओव्हिम कदाचित तुम्हाला जास्त मानवेल. सर्व्हरवर एसएसएचने (दुरून लॉगिन करून) फिरणाऱ्याला, किंवा आता माझं भागतं तसं सहा प्लगइनांत भागणाऱ्याला, मी व्हिमच सुचवेन.

नीओव्हिम घेतलातच, तर प्लगइनांच्या आवृत्त्या लॉकफाइलमध्ये बांधून ठेवा आणि ती फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) टाका. अपडेट शुक्रवारी संध्याकाळी करा, म्हणजे हातात दोन दिवस राहतात. आणि काही मोडलं तर इश्यूमध्ये लिहिण्याआधी रीडमी एकदा वरपासून खालपर्यंत वाचा.