पाचवीच्या वर्गात घेतलेली छापचित्रांची कार्यशाळा: आमचा अनुभव

मी पाचवीला शिकवते. शाळेत बाहेरचे कलाकार येणार म्हटलं की मला आधी धास्तीच वाटते, कारण बऱ्याचदा काय होतं की ते फळ्यावर एक चित्र काढतात आणि तासाभरात सगळी मुलं तेच चित्र घेऊन घरी जातात. छापचित्रं शिकवायला आलेल्या या ताईंनी नमुना दाखवलाच नाही!! प्रत्येकाला हाताएवढा मऊ फोमचा तुकडा दिला आणि बोथट पेन्सिलीने दाबून हवं ते काढा म्हणाल्या, बस.

मग रोलरने शाई. शाई जास्त झाली की खाचांमध्ये भरते आणि रेघा बुजतात, हे त्यांनी सांगितलं नाही, मुलांना रोलरचा आवाज ऐकायला लावला. शाई बरोबर पसरली की बारीक चरचर येते, जाड असली की पचपच. अख्खा वर्ग कान लावून गप्प, असं माझ्या तासाला कधी होत नाही. वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला, उचलला, तर काढलेली रेघ पांढरी आणि लिहिलेलं नाव उलटं! एक मुलगी रडवेली झाली, म्हणाली ताई तुम्ही नीट करून द्या ना, पण ताईंनी तिच्या कामाला हात लावला नाही, शेजारी बसून फक्त विचारलं की सुलट यायला आता काय करशील. ती उठली, खिडकीच्या काचेवर कागद उलटा धरून नाव गिरवून आली. मला हे सगळ्यात जास्त आवडलं, खरंच.

शेवटी मुलांनी छापांखाली पेन्सिलीने 1/4, 2/4 (म्हणजे चारपैकी पहिला, चारपैकी दुसरा) असे नंबर टाकून सही केली, खरे छापचित्रकार करतात तशी. बिघडलेले छापसुद्धा ताईंनी ठेवायला लावले.

त्रास झाला तो आमच्याकडूनच. दोन वर्ग एकत्र बसवले, रोलर मोजकेच, मागच्या मुलांना एकच छाप मिळाला आणि पहिला छाप कोणाचाच धड येत नाही, मजा दुसऱ्यापासून असते. नंतर भिंतीवर फक्त 'चांगले' छाप लावले गेले याचं मला अजून वाईट वाटतंय.

बोलवणार असाल तर नक्की बोलवा, पण एका वेळी वीसच मुलं, दोन भेटी मागून घ्या, पाण्याने धुतली जाणारी शाई आहे ना ते विचारा आणि हात धुवायला वीस मिनिटं वेगळी ठेवा.