बालअतिदक्षता विभागातील परिचारिका : २७ दिवसांच्या अनुभवावरून एक अभिप्राय

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले, त्यांत आमचा सात वर्षांचा मुलगाही होता. आधी जुलाब झाले, ते थांबल्यावर आठवडाभराने जिना चढताना त्याचे पाय लटपटू लागले आणि पुढच्या दोन दिवसांत त्याला श्वासही पुरेना. पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या पीआयसीयूमध्ये, म्हणजे बालअतिदक्षता विभागात, तो २७ दिवस होता, त्यांपैकी १९ दिवस व्हेंटिलेटरवर. हा अभिप्राय तेथील परिचारिकांच्या सेवेपुरता आहे. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे व्यवस्थेविषयी जी तक्रार मांडली आहे, तिचा त्रास ड्यूटीवरच्या सिस्टरांना होऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातापायांतले बळ जाते, पुढे श्वासाचे स्नायूही थकतात. मात्र मुलाची शुद्ध हरपत नाही, त्याला ऐकू येते आणि दुखतेही. वजनानुसार इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) पाच दिवस देऊन झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले की आता नसा सावरेपर्यंत वाट पाहावी लागेल. या सगळ्या काळात आम्हा दोघांना आई-वडील म्हणून करण्यासारखे काहीच उरले नव्हते. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास गाऊन घालून आत जायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि नळ्यांना धक्का लागेल या भीतीने खाटेपासून हातभर लांब उभे राहायचे, एवढेच आम्ही पहिले चार दिवस केले.

पाचव्या दिवशी संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टरांनी मला जवळ बोलावून विचारले, "आई, त्याला हात लावून बघितलात का?" मी त्याच्या पायावरून हात फिरवू लागताच मॉनिटरवर नाडीचा वेग एकदम वाढला आणि मी हात मागे घेतला. त्यांनी तो पुन्हा धरला, माझा पूर्ण तळवा त्याच्या पोटरीवर ठेवला आणि म्हणाल्या, "फिरवू नका, नुसता ठेवा. ह्या आजारात नसा हुळहुळ्या होतात, फिरता हात टोचतो." मिनिटभरात नाडीचा आकडा खाली आला. त्या दिवसापासून ओठांना ओला कापूस लावणे, तोंड पुसणे आणि दर दोन तासांनी होणारी कुशी बदलण्याची वेळ भेटीच्या अर्ध्या तासात आली तर उशी धरून उभे राहणे ही कामे आमच्याकडे आली. कामे लहानच होती, तरी रात्री बाहेरच्या बाकावर बसल्यावर उद्या सकाळी आपल्याला आत काही करायचे आहे, हे माहीत असे.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. चेहऱ्याचे स्नायू दुबळे झाल्यामुळे त्याच्या पापण्या नीट मिटत नव्हत्या. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून त्यांत मलम घालावे लागे. त्यामुळे पापणी मिटवून होकार देण्याची नेहमीची खूण त्याला जमेना. बुबुळे मात्र हलत होती, आणि हे रात्रपाळीच्या एका सिस्टरांच्या लक्षात आले. वर पाहिले तर हो आणि बाजूला पाहिले तर नाही, असे त्यांनी त्याच्याशी ठरवून घेतले आणि जाड मार्करने कागदावर लिहून तो खाटेच्या डोक्याशी चिकटवला : "मला सगळं ऐकू येतं. वर बघितलं म्हणजे हो." पुढच्या पाळ्यांमध्ये जो कोणी खाटेपाशी येई, तो हा कागद वाचून आधी त्याच्याशी बोलू लागला. आजी घरी आहे का, गृहपाठ बुडतोय म्हणून काळजी वाटते का, असे प्रश्न आम्ही विचारत गेलो. दुसऱ्या प्रश्नाला त्याने वर पाहिले, तेव्हा चार दिवसांत प्रथमच मला तो आमचाच मुलगा वाटला.

केरळहून आलेल्या एका सिस्टरांचे मराठी ड्यूटीवर शिकलेले होते, त्यात लिंगवचनाच्या चुकाही होत. पण नळीतला कफ ओढण्याआधी त्या प्रत्येक वेळी "बाळा, आता खोकला येणार, मी इथेच आहे," असे सांगत आणि त्याचे उत्तर पाहिल्याशिवाय हात पुढे करीत नसत. कोणता अलार्म कफ साचल्याचा आणि कोणता बोटावरचा, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा प्रोब निसटल्याचा, हेही त्यांनीच आम्हाला शिकवले.

आता तक्रार. एवढे सगळे या परिचारिका ठरलेल्या कामाच्या जोडीने करीत होत्या. काही रात्री एका सिस्टरांकडे व्हेंटिलेटरवरची दोन मुले असत. अशा वेळी आई-वडिलांशी बोलायला त्यांनी वेळ काढायचा कुठून? डिपॉझिट भरण्याचे निरोपही बिलिंग विभाग त्यांच्याच तोंडून पाठवीत असे, आणि ज्या व्यक्तीच्या हाती आपले मूल आहे, तिच्याकडून पैशांची आठवण ऐकणे आम्हाला फार जड गेले. सांगताना त्यांचीही मान खाली असे. बाहेर पालकांना पाठ टेकायला जागा नव्हती. भेटीची वेळ वाढविण्याचा निर्णय सिस्टरांच्या हातात नव्हता, तरी त्यासाठी रागाचे बोल त्यांनाच ऐकावे लागत. एकदा मीही त्यांच्यावर आवाज चढवला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली.

परिचारिकांच्या सेवेला मी पाचपैकी पाच देते आणि रुग्णालयाच्या व्यवस्थेला तीन. ज्यांचे मूल आज अशा विभागात आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी ड्यूटीवरच्या सिस्टरांना "मी काय करू शकते?" असे विचारावे, आम्हाला हे कळायला पाच दिवस लागले.

मुलगा आता वॉकर धरून चालतो, फिजिओथेरपी सुरू आहे. पालकांसाठी झोपण्याची जागा, भेटीची वाढीव वेळ आणि बिलाचे निरोप थेट आम्हाला देणे, या तीन मागण्यांचा लेखी अर्ज आम्ही व्यवस्थापनाकडे दिला असून त्याची फक्त पोच मिळाली आहे, उत्तर अद्याप आलेले नाही.