डॉस२युनिक्स: नाव ओळींचं, खरं काम बॉमचं

डॉस२युनिक्स या टूलकडे बहुतेक जण डॉस-विंडोजच्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी येणारा, युनिक्सला नको असलेला कॅरेज रिटर्न हा अदृश्य बाइट काढायला जातात. मी ते वापरते मुख्यतः बॉमसाठी: बॉम म्हणजे बाइट ऑर्डर मार्क, फाइलचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) सांगायला तिच्या सुरुवातीला लावलेली अदृश्य खूण. बाहेरून आलेल्या सीएसव्ही फाइल्स बॅश स्क्रिप्टमधून डेटाबेसपर्यंत पोचवायच्या, हे माझं रोजचं काम. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या तोंडाशी ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट चिकटलेले असतात, हाच तो बॉम. कॅट कमांडने स्क्रीनवर छापली तर फाइल स्वच्छ दिसते, पण रकाने वाचणाऱ्या ऑक कमांडमध्ये पहिल्या कॉलमचं नाव ‘आयडी’शी जुळवायला गेलं की जुळत नाही. दुसऱ्यापासून पुढचे सगळे बिनतक्रार जुळतात. खुद्द स्क्रिप्टलाच बॉम लागला असेल तर आणखी मजा: कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्क्रिप्ट कुणी चालवायची ते कळायला पहिल्या दोन बाइटांत हॅश आणि उद्गारचिन्ह शोधतो, ते सापडत नाही, आणि बॅश पहिल्याच ओळीवर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणून ओरडतं.

मला यातला सगळ्यात आवडता ऑप्शन म्हणजे मायनस आय (-i). फाइलला हात न लावता तो एका ओळीत सांगतो: डॉसच्या ओळी किती, युनिक्सच्या किती, जुन्या मॅकच्या किती, बॉम कुठला, टेक्स्ट की बायनरी. डॉस आणि युनिक्स दोन्ही रकान्यांत आकडे दिसले की मला पहिला संशय येतो, कुणीतरी फाइल्स एकापुढे एक जोडल्यात. आणि तिथेच हे टूल तोकडं पडतं. ते फक्त सुरुवातीचा बॉम काढतं. जोडताना मध्ये अडकलेला तसाच राहतो. म्हणून फाइल्स आधी साफ कराव्यात, मग जोडाव्यात.

पर्याय आहेत, पण मन रमत नाही. ग्नू लिनक्सवरच्या आयकॉन्व्हला (एन्कोडिंग बदलणारी कमांड) यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ करायला सांगितलं तर बॉम जिथल्या तिथे. मजकुरात शोधून बदल करणाऱ्या सेडची एक ओळ पुरते खरी, पण तीत बाइट हेक्स आकड्यांनी लिहायचे (हेक्स एस्केप) तर त्याची हमी पॉझिक्स, म्हणजे युनिक्स कमांडचं प्रमाणक, देत नाही.

यूटीएफ-१६ या दुसऱ्या एन्कोडिंगच्या बाबतीत मात्र डॉस२युनिक्सचं कौतुक. विंडोज पॉवरशेल ५.१ मधून रिडायरेक्ट केलेली, एफएफ एफई ने सुरू होणारी फाइल डॉस२युनिक्स आपणहून ओळखतं आणि लोकेलच्या (सिस्टिमच्या भाषा-सेटिंगच्या) एन्कोडिंगमध्ये आणून देतं. लोकेल यूटीएफ-८ आहे ना, एवढं बघा. ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये ते बऱ्याचदा नसतं.

अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये याच नावाची कमांड आयती मिळते, ती बिझीबॉक्सची (अनेक कमांडच्या छोट्या आवृत्त्यांचा संच). बॉमशी तिला काही देणंघेणं नाही, आणि मायनस आय तर नाहीच. मूळ पॅकेज वेगळं इन्स्टॉल करा.

माझी एकच कुरकुर: फक्त बॉम काढ, ओळींना हात लावू नकोस, असा सरळ ऑप्शन नाही. डॉसच्या ओळी तशाच ठेवायच्या तर युनिक्स२डॉस (उलट दिशेचं जोडीदार टूल) मायनस आर असं उलट्या बाजूने जावं लागतं. त्याच जोडीदाराचा मायनस एम बॉम लावून देतो, आणि एक्सेलवाल्यांना परत पाठवायच्या फाइलला तो लागतोच. नाहीतर डबल क्लिक केल्यावर त्यांना देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात आणि फोन मला येतो.