घरच्यांना स्नूकरच्या टेबलाशी आणायचंय: सिक्स-रेड, बिलियर्ड्स की पूर्ण फ्रेम?

स्नूकरला नाक मुरडणाऱ्यांची कुरकुर नीट ऐकली तर तिच्यात वेगवेगळी दुखणी निघतात. कुणाला खेळ संपतच नाही असं वाटतं, कुणाची पाळी येत नाही, तर कुणाचा एकही बॉल आत जात नाही. आपण मात्र सगळ्यांना एकच औषध देतो, 'चल, रेड म्हणजे लाल बॉल कमी लावू.' पहिल्या दुखण्यावर ते लागू पडतं. बाकीच्यांवर त्याचा फारसा उपयोग नाही.

पूलवर चार बॉल घालून आलेल्या माणसाचं इथे काय होतं ते आधी लक्षात घ्या. टेबल 12 बाय 6 फुटांचं, बॉल 52.5 मिलिमीटरचा म्हणजे पूलच्या बॉलपेक्षा लहान, पॉकेट साधारण साडेतीन इंचांचं आणि त्याचे ओठ गोलाकार. पूलवर जो बॉल पॉकेटच्या काठाला घासून का होईना आत गेला असता, तो इथे दोन्ही ओठांवर खडखडून बाहेर येतो. असं पाच-सहा वेळा झालं की माणूस मोबाइल काढतो. तो आळशी नसतो, त्याच्या वाट्याला काही आलेलंच नसतं.

सिक्स-रेडमध्ये 15 ऐवजी 6 रेड. पूर्ण फ्रेममध्ये, म्हणजे एका डावात, जास्तीत जास्त ब्रेक (एकाच पाळीत सलग मिळवलेले गुण) 147 चा, इथे 75 चा. टेबल मोकळं राहतं, रेडच्या गठ्ठ्यात पांढरा, म्हणजे ज्याने मारायचं तो बॉल, अडकत नाही आणि रेड, कलर (बाकीच्या रंगांचा बॉल), पुन्हा रेड ही लय चटकन कळते. मात्र यात एक खोच आहे. नवख्याला फ्रेमचा सोपा भाग कुठला? जेव्हा समोर बरेच रेड असतात आणि त्यातला कुठलाही चालतो तेव्हाचा. आपण नेमका तोच भाग छाटतो. अवघड शेपूट तसंच राहतं: पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा, याच क्रमाने आणि एका वेळी एकच. दोन नवखे पिवळ्याभोवती पंधरा मिनिटं फिरताना पाहिले की सिक्स-रेडची हौस फिटते. म्हणून घरच्या खेळात शेवटचा रेड आणि त्यावरचा कलर झाला की गुण मोजा आणि फ्रेम तिथेच थांबवा. किंवा उरलेले कलर हव्या त्या क्रमाने घेऊ द्या. नियमपुस्तकाची आठवण काढणारा एखादा निघेलच, त्याला चहा आणायला पाठवा.

घड्याळ लावायचा मोह टाळावा असं माझं मत. स्नूकर शूट आउट या स्पर्धेत फ्रेम 10 मिनिटांची असते, प्रत्येक शॉटला आधी 15 आणि नंतर 10 सेकंद मिळतात. बघायला मजा येते, कारण खेळणारे व्यावसायिक असतात. नवख्याला तेवढ्या वेळात काठीला आधार देणारा हाताचा ब्रिजसुद्धा धड टेकता येत नाही. शिवाय संथ खेळाची गोडी लावायला निघालोय आणि त्यातला संथपणाच काढून टाकतोय, हे जरा विचित्रच.

आता बिलियर्ड्स, तीन बॉलचं: दोघांचा एकेक आणि एक लाल. याचं नाव कुणी सुचवत नाही, कारण ते स्नूकरहूनही संथ आणि म्हाताऱ्यांचं समजलं जातं. माझा कौल मात्र, ज्याचा बॉल जातच नाही त्याच्यासाठी, याच खेळाला. कारण गुण मिळायच्या वाटा जास्त. लाल पॉकेटमध्ये घातला तर 3. आपला बॉल दोन्ही बॉलना लागला की कॅनन, त्याचे 2. आणि लालला लागून आपलाच बॉल पॉकेटमध्ये गेला तर इन-ऑफ, त्याचे 3. स्नूकरमध्ये ज्या गोष्टीवर 'अरेरे, पांढरा गेला' म्हणतात आणि वर फाउलचे किमान 4 गुण समोरच्याला देतात, तीच इथे कमाई!

इन-ऑफ वाटतो तितका अवघडही नाही. आपल्या बॉलचा मध्य लालच्या कडेवर रोखायचा, म्हणजे अर्धा बॉल झाकला जाईल असा, आणि मध्यम जोराने घरंगळता मारायचा. घरंगळत गेलेला बॉल या आघाताने साधारण 33 अंशांनी वळतो. गंमत अशी की नेम इथे थोडा जाड-बारीक झाला तरी ती दिशा फारशी बदलत नाही. पॉट करताना तेवढीच चूक झाली तर लांबचा बॉल हमखास हुकतो. म्हणून लाल योग्य जागी मांडून हा एकच शॉट आधी दाखवा. आपला बॉल वळून मधल्या पॉकेटमध्ये गुडूप झाला की बघणारा 'मला करू दे' म्हणतोच.

बिलियर्ड्सचे तोटेही खरे आहेत. काळ्यावर फ्रेम ठरतेय असा थरार इथे नाही. समोरच्याचा बॉल पॉकेटमध्ये घातला तर 2 गुण मिळतात, पण त्याची पाळी येईपर्यंत तो टेबलाबाहेर राहतो आणि कॅननची वाट बंद होते. आणि जाणकाराची पाळी लांबत जाते. गीत सेठींनी 1992 च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत एकाच ब्रेकमध्ये 1276 गुण केले होते. तुम्ही 30 केले तरी समोरचा कंटाळतो. तेव्हा सामना 50 गुणांचा ठेवा आणि स्वतःला एका पाळीत 10 गुणांची मर्यादा घाला.

पाळी न येण्याची तक्रार असेल तर खेळ बदलण्यापेक्षा जोड्या बदला. स्कॉच डबल्समध्ये एकाच ब्रेकमध्ये जोडीदार आळीपाळीने शॉट मारतात. जोडीदार मामा असतील तर तुम्ही रेड घातलात की कलर त्यांचा. त्यामुळे तुमचं डोकं पांढरा त्यांच्यासाठी सोप्या जागी ठेवण्यात गुंततं, आणि ते सोपं काम नव्हे. सिक्स-रेड आणि स्कॉच डबल्स ही चार जणांच्या घोळक्यासाठी मला सगळ्यात भरवशाची जोडी वाटते.

पूर्ण फ्रेम राहिली. 40 गुण आधीच देऊन खेळवण्याची पद्धत रुळलेली आहे, पण दान घेतल्यासारखं वाटणारे लोक असतात. त्यांच्याशी वेगळा करार करा: तुमच्या प्रत्येक रेडनंतर कलर कुठला घ्यायचा ते त्यांनी सांगायचं. ते अर्थातच सगळ्यात लांबचा, कुशनला चिकटलेला सांगणार. त्यासाठी टेबल वाचावं लागतं, आणि तुमची पाळी चालू असतानाही त्यांचं लक्ष टेबलावर राहतं. चुरशीने खेळणारी, बुद्धिबळात वगैरे रमणारी भाची असेल तर तिला सिक्स-रेडच्या वाटेने न्यायची गरजच नाही. तिला पांढरा तपकिरीमागे लपवून स्नूकर कसा लावायचा, म्हणजे समोरच्याला हव्या त्या बॉलवर सरळ मारताच येणार नाही असं कसं करायचं, ते पहिल्याच दिवशी दाखवा. बॉल घालता येत नसला तरी समोरच्याला अडकवता येतं, हे कळल्यावर तासाभराची फ्रेम तिला लांब वाटणार नाही. मिसचा नियम आणि फ्री बॉल या फाउलनंतरच्या किचकट नियमांचा विषय मात्र तेव्हा काढू नका, आणि तिच्या नेमाच्या वेळी मागे उभं राहून सूचनाही देऊ नका.